साथीदाराची जागा : मराठी रंगमंचावरील बैठकीचा इतिहास



आपल्या शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना पाहण्याचा योग मला आला नाही. निवृत्तीनंतर मी मुलाकडे सुरतेस राहायला आलो तेव्हा ते हयात नव्हते. परंतु त्यांच्याविषयीची एक गोष्ट मला त्यांच्या तीन-चार विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या प्रसंगी, जवळजवळ एकाच शब्दांत सांगितली. शाळेचा कोणताही समारंभ पार पडला की दुसऱ्या दिवशी ते एका वहीत टिपण करीत : सतरंज्या किती लागल्या, खुर्च्या किती उरल्या, पेटी कोणाकडून आणली, कोण कोठे बसले होते आणि काय चुकले. त्या वहीचे स्मरण ठेवूनच मी आजचा विषय निवडला आहे.

विषय वरवर पाहता लहान आहे. गायनवादनाच्या कार्यक्रमात मंचावर कोणी कोठे बसावे आणि ते आधी कागदावर कसे मांडावे, एवढाच तो आहे. ध्वनिव्यवस्था पाहणारी तरुण मंडळी अशा कागदाला ‘स्टेज प्लॉट’ म्हणतात. आपण त्याला मंचाचा आराखडा म्हणू. मराठी वाङ्मय शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने या उठाठेवीत का पडावे, असे आपल्याला वाटेल. त्याचे उत्तर मी थोड्याच वेळात देतो.

मंचावरील जागेचा प्रश्न किती मोठा होऊ शकतो, हे सुरतेला कोणी शिकवावयास नको. डिसेंबर १९०७ मध्ये तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते. डॉ. रासबिहारी घोष अध्यक्ष आणि त्रिभुवनदास मालवी स्वागताध्यक्ष होते. बोलण्याची परवानगी मागणारी चिठ्ठी लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्षांकडे पाठवली. पुकारा झाला नाही. तेव्हा २७ डिसेंबर रोजी टिळक स्वतःच व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. पुढे खुर्च्या उगारल्या गेल्या आणि एक मराठी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. फुटीची कारणे अर्थातच राजकीय आणि खोल होती. पण ठिणगी पडली ती व्यासपीठावर जागा कोणाची, या प्रश्नावर. राजकारणात ज्याला जागा नाकारली जाते तो निदान उठून उभा राहू शकतो. संगीताच्या मंचावर ज्याला चुकीची जागा मिळते तो तबलजी किंवा सारंगिया काय करणार? तो निमूटपणे तेथे बसतो, वाजवतो आणि चूक झाली तर दोषही स्वीकारतो.

एक जुनी चूक

आता माझ्या उठाठेवीचे कारण सांगतो. खानदेशातील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. स्नेहसंमेलनात नाट्यगीतांचा कार्यक्रम ठेवला होता आणि मंचव्यवस्था माझ्याकडे होती. पाहुण्यांच्या खुर्च्या, सत्काराचे टेबल, फुलदाण्या, उंच समई असा सगळा सरंजाम मी मोठ्या हौसेने मांडला. गायिका मध्यभागी बसल्या. तबलजींना मी जागा दिली ती मागे, टेबलाच्या आडोशाला. कारण उरली होती ती तेवढीच. पहिल्या पदातच घोटाळा झाला. बाईंनी तान संपवून मुखडा उचलला आणि तबला अर्धे आवर्तन मागे राहिला. श्रोत्यांत खसखस पिकली. दुसऱ्या पदातही तेच झाले. कार्यक्रमानंतर मानधनाचे पाकीट हाती देताना मी त्या वयस्क तबलजींना दोन शब्द सुनावले. त्यांनी पाकीट घेतले आणि एवढेच म्हणाले, “सर, बाईंचा हात मला दिसतच नव्हता.”

ते पुन्हा आमच्या महाविद्यालयात आले नाहीत. आपली चूक माझ्या ध्यानात यायला काही वर्षे लागली, आणि ती आली तेव्हा क्षमा मागायला ते राहिले नव्हते. सम चुकली होती ती तबल्याची नव्हे, माझ्या मांडणीची. तेव्हापासून मराठी रंगभूमीचा इतिहास वाचताना एक प्रश्न मला सतत छळत आला : साथीदार बसत कोठे होते? पदांच्या चाली कोणी दिल्या, नायिकेचे काम कोणी केले, पडदे कसे होते, हे सर्व आपण लिहून ठेवले. साथीदाराची जागा मात्र आपण क्वचितच लिहिली.

कुतप आणि वृंद

आपली परंपरा या बाबतीत मुळातच बेफिकीर होती असे मात्र नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यमेळाला ‘कुतप’ अशी संज्ञा आहे आणि त्याच्या बैठकीचे नियम दिलेले आहेत. नाटक सुरू होण्यापूर्वीच्या पूर्वरंगाचे पहिले अंग ‘प्रत्याहार’, म्हणजे वाद्यांची मांडणी. दुसरे अंग ‘अवतरण’, म्हणजे गायकांनी आपापल्या जागी बसणे. नांदी या दोहोंच्या पुष्कळ नंतर येते. देवतांना वंदन करण्याआधी वाद्ये जागेवर लागलेली असली पाहिजेत, हा केवढा व्यवहारी विचार आहे!

कुतपाची जागा नेपथ्यगृहाच्या दोन दारांच्या मध्ये सांगितली आहे. मृदंगवादकाने प्रेक्षकांकडे तोंड करून बसावे. पणव आणि दर्दुर वाजवणारे त्याच्या डाव्या हाताला असावेत. गायकाने एका बाजूला बसावे, त्याच्या लगत वीणावादक आणि वंशीवादक असावेत आणि गायिकांनी गायकासमोर तोंड करून बसावे, असा तो एकूण विन्यास आहे. त्यात केवळ जागा सांगितलेली नाही, तोंड कोणत्या दिशेला असावे हेही सांगितले आहे. गायिका गायकासमोर बसली की तिला त्याचा श्वास दिसतो आणि दोघांचे स्वर एकाच क्षणी लागतात. माझ्या तबलजींना जे मिळाले नाही ते शास्त्रकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते.

दुसरा आधार तर आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात गायनवृंदाचे प्रकार संख्येसह दिले आहेत. उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ सहगायक, १२ गायिका, ४ वंशीवादक आणि ४ मृदंगवादक असावेत. मध्यम वृंदात ही संख्या निम्मी. भरताने जागा दिल्या आणि शार्ङ्गदेवाने माणसे मोजून दिली. आजच्या मंचाच्या आराखड्यात दोनच गोष्टी मुख्य असतात : एक नकाशा आणि एक यादी. म्हणजे दोन्हींचे पूर्वज आपल्या घरातच आहेत.

चालता आराखडा

ग्रंथातले हे नियम पुढे ग्रंथातच राहिले असतील, असे कोणी म्हणेल. त्याने आषाढीच्या वारीकडे पाहावे. दिंडीत पुढे पताका, मागून टाळकऱ्यांच्या रांगा, रांगांच्या मध्ये मृदंगी, मग विणेकरी आणि त्यामागे तुळस घेतलेल्या स्त्रिया, हा क्रम सहसा मोडत नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या रथामागे, अशी ठरलेली वाटणी आहे. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्या पायावर ही व्यवस्था उभी आहे.

हा क्रम केवळ मानापानासाठी नाही. त्यात ध्वनीचाही विचार आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. मृदंगापासून ३४ मीटरवर असलेल्या टाळकऱ्याच्या कानी थाप पडते ती सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा, आणि द्रुत लयीत तेवढा उशीर टाळ फुटायला पुरेसा होतो. मृदंगी मध्ये राहिला की दोन्ही रांगांना तो सारखाच जवळ राहतो. वारकऱ्यांनी हे गणित कधी मांडले नसेल. पण चालता चालता त्यांनी ते सोडवले आहे.

लोकरंगभूमीवरही साथीदार डोळ्यांसमोर असतो. तमाशात ढोलकीवाला ढोलकी कमरेला बांधून उभा राहतो आणि नाचणारीच्या पावलांकडे पाहत वाजवतो. तुणतुणेवाला आणि झीलकरी मागे उभे राहून सूर धरतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावतारात पायपेटी, पखवाज आणि झांज रंगभूमीच्या एका कडेला प्रेक्षकांदेखत बसतात. आपल्यापैकी अनेकांची घरे जळगाव-धुळे-नंदुरबारकडून कापडाच्या धंद्यासाठी लिंबायत, उधना, डिंडोलीत येऊन वसली आहेत. त्यांना भजनी मंडळाची बैठक सांगायला नको. बुवांनी मान हलवली की पखवाजवाल्याचा हात थांबतो, कारण तो बुवांच्या मानेकडेच पाहत असतो.

सांगली ते पुणे

अर्वाचीन मराठी नाटकाची सुरुवात झाली तीही याच जातकुळीची होती. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले. त्या खेळांत सूत्रधार आणि त्याचे झांज-मृदंगवाले साथीदार प्रयोगभर रंगभूमीवरच असत. पदे सूत्रधाराने म्हणावयाची, साथीदारांनी झील धरावयाची आणि पात्रांनी त्याप्रमाणे आविर्भाव करून मधूनमधून भाषणे करावयाची, अशी रीत होती. गाणे आणि वाजवणे एका ठिकाणी, अभिनय दुसऱ्या ठिकाणी. आणि दोन्ही प्रेक्षकांच्या समोर.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक केले, आणि ही रचना मुळापासून बदलली. सूत्रधार नांदीनंतर आत गेला. पदे पात्रांच्या मुखी आली. वाङ्मयेतिहासात या घटनेचे महत्त्व आपण पात्रांच्या बाजूने सांगतो, आणि ते योग्यच आहे. दुष्यंताचे प्रेम दुष्यंतानेच गावे, यात केवढा तरी कलाविचार होता. परंतु साथीदाराच्या बाजूने पाहिले तर त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली : सूत्रधाराबरोबर त्याचे वाद्यवालेही प्रेक्षकांच्या नजरेआड झाले. शकुंतलेच्या आश्रमात सारंगी आणि तबला घेऊन बसलेली माणसे दिसणे नव्या वास्तवाच्या कल्पनेत बसण्यासारखे नव्हते. ती विंगेच्या आडोशाला गेली.

यातून नवी अडचण निर्माण झाली. भाव्यांच्या खेळात गाणारा आणि वाजवणारा शेजारी शेजारी उभे होते. आता गाणारा रंगमंचावर हिंडणार, बसणार, पाठ फिरवणार. आणि वाजवणाऱ्याने त्याला विंगेतून तिरपे पाहावयाचे. संगीत नाटकातील नट पद सुरू होताना एका ठराविक जागी येऊन उभा राहतो, या सवयीची टीकाकारांनी पुष्कळ थट्टा केली आहे. मला त्या सवयीमागे हीही एक निकड दिसते. साथीदार आपल्याला पाहू शकतो अशी जागा नटाला शोधावीच लागे.

ऑर्गन समोर आला

‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले, तेव्हा त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या होत्या, म्हणजे एका श्रेष्ठ पेटीवादकाच्या होत्या. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांचे संगीत लाभले. या काळात नाटकातील पद मैफलीच्या अंगाने विस्तारू लागले आणि साथीचे वजन वाढले. पायाने भाता चालवावयाचा ऑर्गन आला. पेटीवादकाचा एक हात भात्यात अडकतो; ऑर्गनवाल्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. त्याचा भरदार, न तुटणारा सूर मोठ्या नाट्यगृहात मागपर्यंत पोचू लागला.

परंतु ऑर्गन हे जड वाद्य आहे. ते घेऊन दर प्रवेशाला जागा बदलता येत नाही. त्याला एक कायमची जागा लागते. रंगमंचासमोरची खोलगट जागा किंवा पहिल्या विंगेशी लागून असलेला कोपरा ही ती जागा ठरत गेली. या स्थलांतराने साथीदाराला त्याचा डोळा परत मिळाला. समोरून नट पूर्ण दिसतो. त्याचा उचललेला हात, घेतलेला श्वास, ‘वन्समोअर’चा गजर झाल्यावर पद पुन्हा कोठून उचलायचे याचा मानेने केलेला इशारा, हे सर्व दिसते. बालगंधर्वांना उस्ताद अहमदजान तिरखवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी लाभली, हे त्यांचे आणि रसिकांचे भाग्य. एवढ्या मोठ्या कलावंतांना केवळ आडोशाला बसवून ती एकजीव साथ निर्माण झाली असती, असे मला वाटत नाही.

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. पदांची संख्या मोजकी झाली, केशवराव भोळ्यांनी त्याला वेगळ्या घाटाचे संगीत दिले आणि वाद्यांचा उपयोग प्रसंगाला पार्श्वभूमी पुरवण्यासाठी होऊ लागला. ‘पार्श्वसंगीत’ हा शब्दच पाहा. पार्श्व म्हणजे बाजू. वाद्यमेळ पुन्हा एकदा बाजूला गेला. यात वाईट काही नव्हते. नाटकाची गरज बदलली होती. मात्र एवढे ध्यानात घ्यावे की, १८४३ पासून नव्वद वर्षांत साथीदाराची जागा तीन वेळा हलली, दर वेळी ती दुसऱ्याच कोणाच्या तरी गरजेने हलली, आणि त्या स्थलांतराचा साधा नकाशाही आपण जपून ठेवला नाही.

यंत्राने घातलेली बैठक

नकाशा काढण्याची सक्ती आपल्यावर झाली ती यंत्रामुळे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गायसबर्गने गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता; एक मोठा कर्णा होता. कर्ण्याला कमी-अधिक ऐकू येण्याची सोय नव्हती. ज्याचा आवाज हवा त्याने जवळ यावयाचे, ज्याचा नको त्याने मागे सरकावयाचे. त्या जुन्या तबकड्यांतील ध्वनीचा तोल म्हणजे कर्ण्यासमोर कोण किती अंतरावर होते, त्याचा हिशेब होय. १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि अंतराची ही जुलमी सत्ता सैल झाली.

मायक्रोफोन मंचावर आला आणि लोकांना वाटू लागले की आता कोणी कोठेही बसले तरी चालेल. हा भ्रम होता. मायक्रोफोन श्रोत्यांचा प्रश्न सोडवतो. साथीदाराचा प्रश्न त्याने अधिकच गुंतागुंतीचा केला. पूर्वी तबलजीला गायकाचा आवाज थेट ऐकू येई. आता गायकाचा आवाज सभागृहात जाऊन भिंतींवर आदळून उशिरा परत येतो. म्हणून त्याच्याकडे तोंड करून वेगळा ध्वनिवर्धक ठेवावा लागतो, त्याला मॉनिटर म्हणतात. तो कोठे ठेवावा, त्यात कोणाचा आवाज किती द्यावा, हे आधी ठरले नाही तर ऐन कार्यक्रमात गायक हातवारे करीत बसतो आणि श्रोत्यांचा रसभंग होतो. आपल्या सुरतेत ‘रंग उपवना’सारखा उघड्यावरचा मंच आहे आणि संजीवकुमार सभागृहासारखे बंदिस्त नाट्यगृहही आहे. उघड्यावर आवाज परत येत नाही, बंद जागेत तो नको तितका परत येतो. एकच मंडळी, एकच पदे. पण दोन ठिकाणचे आराखडे वेगळेच असावे लागतील.

एक पान

तर हा आराखडा कसा असावा? मी तंत्रज्ञ नाही. पण शिकवण्याची सवय सुटत नाही, म्हणून जाणत्यांकडून शिकलेले आपल्यापुढे मांडतो. शाळेच्या मुलांना तो एका तासात काढता येईल.

कागद एकच असावा. खालच्या कडेला ‘प्रेक्षक’ असे ठळक लिहावे, म्हणजे कागद कोणी उलटा धरणार नाही. डावे आणि उजवे हे मंचावर प्रेक्षकांकडे तोंड करून बसलेल्या कलावंताचे समजावे, आणि तसे कागदावर लिहावे. निम्मे घोटाळे या एका शब्दाने होतात. व्यवस्थापक प्रेक्षकांची उजवी बाजू धरतो आणि गायक स्वतःची. माणसासाठी वर्तुळ, वाद्यासाठी चौकोन आणि मायक्रोफोनसाठी फुली, एवढ्या खुणा पुरेत.

आपल्या नेहमीच्या मैफलीत गायकाच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी आणि मागे दोन तंबोरे, ही बैठक रूढ आहे. तबलजी आणि पेटीवाले किंचित तिरपे, गायकाकडे वळून बसतात. तसेच ते काढावेत. चित्राशेजारी क्रमांकवार यादी द्यावी : गायकाला १ मायक्रोफोन, तबला-डग्ग्याला २, पेटीला १, तंबोऱ्यांना २, असे एकूण ६. त्यांतला कोणता उंच दांडीवर आणि कोणता बुटक्या, ते लिहावे. मॉनिटर किती, विजेची जागा कोठे, चौथरा किती लांब-रुंद, हेही लिहावे. नाट्यगीतांच्या कार्यक्रमात मध्येच ऑर्गन हवा असेल तर तो आधीपासून त्याच्या जागी असावा, कारण ऐन वेळी तो हलवता येत नाही.

यानंतर पेन्सिलीने एक काम करावे, ते मात्र मी माझ्या चुकीतून शिकलो. प्रत्येक साथीदाराच्या वर्तुळापासून गायकाच्या वर्तुळापर्यंत एक सरळ रेघ काढावी. ही नजरेची रेघ आहे. तिच्या आड फुलदाणी, समई, सत्काराचे टेबल किंवा अध्यक्षांची खुर्ची येत असेल तर ती वस्तू हलवावी, रेघ हलवू नये. अध्यक्षमहाराज मला क्षमा करतील. आणि शेवटी प्रत्येक वर्तुळात त्या माणसाचे नाव लिहावे. ‘तबला’ असे लिहू नये, तबलजींचे नाव लिहावे. त्या एका नावाने वर्तुळात माणूस येऊन बसतो. त्याला पाणी लागते, त्याचे गुडघे दुखत असतील तर पाट लागतो, त्याचा परिचय करून द्यावा लागतो.

कार्यक्रमाच्या आधी काही दिवस हा कागद सभागृहाकडे, ध्वनिव्यवस्थेकडे आणि कलावंतांकडे पोचावा. आणि कार्यक्रमानंतर, प्रत्यक्षात जे बदल झाले ते तांबड्या शाईने नोंदवून, तारीख घालून तो कपाटात ठेवावा. पहिल्या कामाने त्या दिवसाची व्यवस्था नीट होते. दुसऱ्या कामाने इतिहास तयार होतो.

श्रोतेहो, पंडित भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. १९१६ साली शेजारच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागेही विखुरलेले ज्ञान एकत्र आणून लिहून ठेवण्याची हीच तळमळ होती. स्वर लिहिले गेले, ताल लिहिले गेले. जागा लिहावयाची राहून गेली. ती लिहिण्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. ज्या शाळेच्या एका मुख्याध्यापकांनी सतरंज्यांचा हिशेब वहीत जपला, त्या शाळेला तर मुळीच नाही.

पुढील स्नेहसंमेलनात येथील मुले गातील, वाजवतील. त्या दिवशीचा आराखडा एखाद्या विद्यार्थ्याने काढावा, त्यात तबल्यावर बसणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे नाव लिहावे आणि नजरेची रेघ मोकळी आहे ना हे शिक्षकांनी पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. खानदेशातील त्या सभागृहात मी ज्यांना टेबलामागे बसवले, त्यांच्यासाठी आता काही करता येत नाही. येथे बसणाऱ्या पुढच्या साथीदाराला गायकाचा हात दिसेल, एवढे मात्र आपल्या हातात आहे.